बांबूच्या नळीपासून फोमच्या बंदुकीपर्यंत

खेळण्यांच्या दुकानांत गेली काही वर्षे एक वस्तू ठळकपणे नजरेत भरते. भडक रंगाच्या प्लॅस्टिकची मोठी बंदूक आणि तिच्यासोबत बोटाएवढ्या लांबीच्या, फोमच्या, टोकाला मऊ रबरी टोपी असलेल्या दहा-वीस गोळ्या. मागचा दांडा ओढायचा, चाप दाबायचा, की गोळी खोलीच्या पलीकडच्या भिंतीवर आदळते. सातवी-आठवीच्या वर्गात चौकशी केली, तर ही बंदूक स्क्रू काढून आतून पाहिलेला एखादा तरी विद्यार्थी निघतोच. आत फारसे काही नसते. एक नळकांडे, त्यात सरकणारा दट्ट्या, दट्ट्यामागे स्प्रिंग, पुढे एक अरुंद भोक आणि गोळी बसवायची नळी. एवढे दिसले की पुढचा प्रश्न ओघानेच येतो: यात जास्त ताकदीची स्प्रिंग घातली तर?

अमेरिकेत आणि युरोपात या प्रश्नामागे लागलेल्या हौशी मंडळींचा एक मोठा वर्ग आहे. घरच्या टेबलावर बंदूक उघडून तिची स्प्रिंग, नळी, झडप बदलायची आणि ती अधिक वेगवान करायची, हा त्यांचा छंद. आपल्याकडेही मुले हे करून पाहतात. शिक्षकांपुढे मग पेच पडतो. मुलाची जिज्ञासा तर मारायची नाही आणि दुसऱ्या मुलाचा डोळाही जाऊ द्यायचा नाही. हा पेच नीट समजून घ्यायचा, तर या खेळण्यामागचा इतिहास पाहणे उपयोगाचे ठरेल असे आम्हांला वाटते. तो इतिहास दोन हजार वर्षांहून जुना आहे आणि त्यात बॉइलसारख्या शास्त्रज्ञांबरोबर बांबू कापणारी मुलेही आहेत.

हवा ही एक स्प्रिंग

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात ॲलेक्झांड्रिया येथे टेसिबियस नावाचा एक कल्पक यंत्रज्ञ होऊन गेला. नळकांडे आणि दट्ट्या वापरून त्याने पाण्याचा पंप बनवला. फायलो या ग्रीक लेखकाने युद्धयंत्रांवरच्या आपल्या ग्रंथात टेसिबियसच्या आणखी एका यंत्राचे वर्णन केले आहे. त्या यंत्रात दगड फेकण्यासाठी पिळलेल्या दोरांऐवजी पितळी नळकांड्यात दाबलेली हवा वापरली होती. दाबलेली हवा परत फुगू पाहते आणि त्या फुगण्यातून काम करून घेता येते, ही कल्पना तेव्हापासूनची आहे.

या कल्पनेला मोजमापाचा आधार मिळायला मात्र सतरावे शतक उजाडावे लागले. जर्मनीत ऑटो फॉन गेरिके याने हवा काढून घेण्याचा पंप बनवला. दोन धातूचे अर्धगोल एकमेकांना लावून आतली हवा काढली, की घोड्यांच्या जोड्यांनाही ते वेगळे करता येत नाहीत, हा त्याचा प्रयोग आपल्या पाठ्यपुस्तकांत असतो. याच गेरिकेने एक विलक्षण बंदूकही बनवली होती. तिच्यात हवा दाबायची नव्हती. उलट नळीतली हवा काढून घ्यायची आणि मग एका बाजूने बाहेरची हवा एकदम आत सोडायची. वातावरणाचा दाबच गोळीला पुढे ढकलत असे. म्हणजे प्रश्न केवळ हवा दाबण्याचा नसून गोळीच्या पुढच्या आणि मागच्या दाबांतील फरकाचा आहे. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिचा उपयोग होणार आहे.

गेरिकेच्या पंपाची बातमी ऐकून इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॉइल आणि त्याचा साहाय्यक रॉबर्ट हुक यांनी स्वतःचा पंप तयार केला. १६६० साली बॉइलने आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्या ग्रंथाच्या नावातच त्याने ‘हवेची स्प्रिंग’ असा शब्दप्रयोग केला आहे. दोन वर्षांनी, १६६२ साली, त्याने दाब आणि आकारमान यांचे व्यस्त नाते मांडले. हवेचे आकारमान निम्मे केले, तर तिचा दाब दुप्पट होतो. खऱ्या स्प्रिंगचा नियम हुकने १६७८ साली प्रसिद्ध केला. फोमच्या बंदुकीत या दोन्ही स्प्रिंगा एकामागे एक बसवलेल्या असतात. आधी धातूची स्प्रिंग दट्ट्याला ढकलते, मग दट्ट्याने दाबलेली हवेची स्प्रिंग गोळीला ढकलते.

बॉइलचा नियम मुलांना नेमका कुठे दिसतो? पोकळ बांबूच्या नळीच्या बंदुकीत. कोकणातल्या मुलांना ती ठाऊक आहे. बस्तरमध्ये जगदलपूरला आषाढातल्या रथयात्रेच्या वेळी गोंचा उत्सवात अशा शेकडो बंदुका वाजतात. त्यांना तिथे ‘तुपकी’ म्हणतात आणि त्यांत मालकांगोणीची हिरवी फळे घालतात. नळीत आधी एक फळ कोंबून पुढच्या तोंडाशी न्यायचे, मागून दुसरे फळ कोंबायचे आणि काठीने ते जोरात पुढे रेटायचे. दोन फळांमध्ये हवा कोंडली जाते. नळीचा व्यास १ सेंटीमीटर धरला, तर तिचे क्षेत्रफळ सुमारे ०.८ चौरस सेंटीमीटर होते. कोंडलेल्या हवेचे आकारमान निम्मे झाले, की आतला दाब बाहेरच्यापेक्षा एक वातावरण जास्त होतो आणि पुढच्या फळावर सुमारे ८ न्यूटन बल लागते. म्हणजे जवळजवळ ८०० ग्रॅम वजनाएवढे. त्या बलापुढे फळाचे घर्षण हार खाते, फळ फट्कन आवाज करत सुटते आणि मागचे फळ पुढच्याची जागा घेते. पुढच्या बारासाठी बंदूक तयार!

वेग मोजणारा लोलक

गोळी सुटली हे डोळ्यांना दिसते, पण ती किती वेगाने सुटली? अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे कुणालाच नीट मोजता येत नव्हते. ते पहिल्यांदा चोख मोजून दाखवले बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने. १७४२ साली तोफखान्याच्या नव्या तत्त्वांवर त्याने एक पुस्तक लिहिले. त्यातली मुख्य युक्ती म्हणजे लोलक. टांगलेल्या जड लाकडी ठोकळ्यात गोळी मारायची. गोळी आत रुतते आणि ठोकळा झोका घेतो. झोक्याचे अंतर मोजले, की संवेगाच्या हिशेबाने गोळीचा वेग काढता येतो.

रॉबिन्सच्या मोजमापांतून एक अनपेक्षित गोष्ट बाहेर आली. वेगवान गोळीला हवेचा होणारा विरोध त्या काळच्या समजुतीपेक्षा फारच मोठा होता. तोपर्यंत तोफगोळ्याचा मार्ग म्हणजे शुद्ध अन्वस्त असे मानले जाई. प्रत्यक्षात हवा तो मार्ग पार बदलून टाकते. प्रख्यात गणिती ऑयलर याला हे पुस्तक इतके महत्त्वाचे वाटले, की १७४५ साली त्याने त्याचा जर्मन अनुवाद केला आणि त्यात स्वतःच्या विस्तृत टिपा जोडल्या. रॉबिन्सचा शेवट मात्र आपल्या देशात झाला. ईस्ट इंडिया कंपनीचा मुख्य अभियंता म्हणून तो १७५० साली भारतात आला आणि पुढच्याच वर्षी मद्रासच्या दक्षिणेस असलेल्या सेंट डेव्हिडच्या किल्ल्यात तापाने वारला.

हवेच्या बंदुकीचे पुढे दोन फाटे फुटले. एक फाटा युद्धाकडे गेला. १७७९-८० च्या सुमारास बार्तोलोमेओ जिरांदोनी याने ऑस्ट्रियाच्या सैन्यासाठी हवेची रायफल बनवली. तिचा दस्ता म्हणजे हवा भरायची लोखंडी टाकी होती. ती भरण्यासाठी पंपाचा दांडा सुमारे दीड हजार वेळा मारावा लागे. मात्र एकदा भरली, की वीसएक गोळ्या धूर न करता भराभर झाडता येत. चामड्याच्या वायसरांतून हवा गळे, दुरुस्तीला कुशल कारागीर लागत, म्हणून ही बंदूक फार काळ टिकली नाही.

दुसरा फाटा मुलांकडे आला. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात प्लिमथ गावी पवनचक्क्या बनवणारा एक कारखाना होता. १८८० च्या दशकात धंदा मंदावला, तेव्हा पवनचक्की घेणाऱ्या शेतकऱ्याला एक छोटी धातूची छऱ्याची बंदूक भेट द्यायची टूम त्यांनी काढली. झाले भलतेच! लोक पवनचक्की सोडून बंदूकच मागू लागले. १८९५ साली कारखान्याने पवनचक्क्यांचे नाव टाकून ‘डेझी’ हे बंदुकीचे नाव घेतले. या बंदुकीत स्प्रिंग, दट्ट्या आणि नळकांडे अशीच रचना होती. आजच्या फोमच्या बंदुकीची ती सख्खी पणजी. फरक एवढाच, की तिच्यातून साडेचार मिलिमीटरचा धातूचा छर्रा सुटे. डोळ्याच्या दृष्टीने हा फरक सर्वांत मोठा.

बुडबुड्यांचा चेंडू

तो फरक मिटवायला रसायनशास्त्राची मदत झाली. १९३७ साली जर्मनीत लेव्हरकुसेन येथे ऑटो बायर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पॉलियुरेथेनचे रसायन शोधून काढले. त्यातल्या आयसोसायनेट या घटकाची पाण्याशी क्रिया झाली, की कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. घट्ट होत जाणाऱ्या द्रवात त्याचे असंख्य बुडबुडे अडकतात आणि स्पंजासारखा पदार्थ तयार होतो. १९५० च्या दशकात हा मऊ फोम गाद्या-उश्यांतून घरोघर पोचला.

१९६९ साली अमेरिकेतले खेळांचे एक संकल्पक रेन गायर आणि त्यांचे सहकारी एका खेळावर काम करत होते. त्यात एकमेकांवर फेकायचे ‘दगड’ फोमचे होते. पाहता पाहता खेळाचे नियम बाजूला पडले आणि दगड फेकण्यातच मजा येऊ लागली. त्यातून चार इंची फोमचा चेंडू जन्मला. पार्कर ब्रदर्स या कंपनीने तो ‘नर्फ’ या नावाने, घरात खेळायचा चेंडू म्हणून, बाजारात आणला. दिवा फुटणार नाही, काच तडकणार नाही, लहान बाळाला लागणार नाही, असे आश्वासन त्याच्या जाहिरातीत होते. १९८९ साली याच नावाने फोमचे गोळे उडवणारे खेळणे आले आणि १९९२ साली लांबट गोळ्यांची पहिली बंदूक आली. तोवर हे नाव हॅस्ब्रो कंपनीकडे गेले होते.

फोमने लागत नाही, ते का? वर्गात हे असे सांगता येईल. गोळीची गतिज ऊर्जा ०.२ ज्यूल आहे असे समजा. ती थांबताना फोम १ सेंटीमीटर दबला, तर सरासरी बल येते २० न्यूटन. तीच ऊर्जा असलेली कडक गोळी एका मिलिमीटरात थांबली, तर बल होते २०० न्यूटन. ऊर्जा तीच, पण थांबायला अंतर किती मिळाले यावर इजा ठरते. म्हणून टोपी कडक असलेली नकली गोळी त्याच बंदुकीतून मारली, तरी ती अधिक लागते.

अलाबामातला मुलगा

या इतिहासातले सर्वांत बोलके पान लॉनी जॉन्सन यांचे आहे. त्यांचा जन्म १९४९ साली अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात मोबील या शहरी, एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. वर्णभेदाचे कायदे तेव्हा जोरात होते. डोळे मिटणारी बहिणीची बाहुली त्यांनी आत काय आहे ते पाहण्यासाठी फोडली. घरच्या घरी रॉकेटचे इंधन शिजवताना त्याने पेट घेतला. वडिलांबरोबर मिळून त्यांनी आणखी एक गोष्ट बनवली होती, ती म्हणजे बांबूच्या नळीतून फळे उडवणारी हवेची बंदूक! तिच्यातली फळे होती बकाण निंबाची. हे झाड मूळचे आपल्या भागातले. शोभेसाठी म्हणून ते अमेरिकेच्या दक्षिण राज्यांत गेले आणि तिथे रुजले. म्हणजे बस्तरच्या मुलाची तुपकी आणि अलाबामाच्या मुलाची बंदूक यांत फळाचाच काय तो फरक.

१९६८ साली, शाळेत असताना, जॉन्सन यांनी दाबलेल्या हवेवर चालणारा एक यंत्रमानव बनवला. भंगारातल्या वस्तू जमवून केलेल्या त्या यंत्राला राज्याच्या विज्ञान जत्रेत पहिले बक्षीस मिळाले. त्या जत्रेत ते एकटेच कृष्णवर्णीय विद्यार्थी होते. पुढे ते अभियंता झाले. गुरूकडे गेलेल्या गॅलिलिओ यानावरही त्यांनी काम केले. १९८२ साली ते फ्रीऑनऐवजी पाणी वापरणारा उष्णतापंप घरी तयार करत होते. त्यासाठी केलेली तोटी न्हाणीघरातल्या नळाला जोडली, तर पाण्याची धार खोलीभर सुसाट गेली. यातून पिचकारी होईल, हे त्यांनी ओळखले. प्लॅस्टिकचे पाइप आणि शीतपेयाची रिकामी बाटली यांतून त्यांनी नमुना बनवला. मुलांना पेलेल एवढाच हातपंप असला, तरी हवा साठवून ठेवली की धार जोरदार येते, ही त्यातली खुबी. १९९० साली ती पिचकारी बाजारात आली आणि पुढच्या वर्षी ‘सुपर सोकर’ या नावाने तिने विक्रीचे उच्चांक मोडले. फोमच्या बंदुकांबाबतची काही पेटंटेही जॉन्सन यांच्या नावावर आहेत. त्यांच्या थकलेल्या मानधनापोटी हॅस्ब्रोने सुमारे ७.३ कोटी डॉलर द्यावेत, असा लवादाचा निर्णय २०१३ साली झाला.

जॉन्सन यांच्या घरी कुणी ‘खेळणे उघडू नकोस’ असे म्हणून थांबले असते, तर हे काही घडले नसते. म्हणून बंदूक उघडणाऱ्या विद्यार्थ्याला सरसकट दटावणे आम्हांला मान्य नाही. पण उघडणे वेगळे आणि ताकद वाढवणे वेगळे. या दोहोंतला फरक पुढे पाहू.

बदल करणारे नेमके काय बदलतात?

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत हौशी मंडळींनी जे बदल रूढ केले, त्यांतले मुख्य तीन.

पहिला बदल स्प्रिंगचा. स्प्रिंगमधली ऊर्जा तिच्या ताठपणाच्या प्रमाणात असते. दुप्पट ताठ स्प्रिंग तेवढीच दाबली, तर ऊर्जा दुप्पट होते. पण वेग ऊर्जेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे २० मीटर प्रतिसेकंद वेग फार तर २८ वर जातो. मात्र स्प्रिंग अडकवून धरणाऱ्या प्लॅस्टिकच्या खटक्यावर बल पुरते दुप्पट येते. असे खटके तुटतात, ते यामुळे.

दुसरा बदल नळीचा. मूळची नळी ढिली असते, कडेने हवा निसटते. तिच्या जागी पितळेची किंवा नळकामाच्या प्लॅस्टिकची घट्ट नळी बसवतात. मग ‘नळी जितकी लांब तितका वेग जास्त’ असे मुलांना वाटते. इथे गेरिकेची आठवण ठेवावी. गोळीला पुढे ढकलतो तो मागच्या-पुढच्या दाबांतला फरक. गोळी पुढे सरकते तशी मागची हवा फुगते आणि तिचा दाब उतरतो. तो बाहेरच्या दाबाइतका झाला, की नळीचा उरलेला भाग नुसते घर्षण करतो. म्हणून नळकांड्याच्या आकारमानाला साजेशी नळी हवी. तिच्याहून लांब नळीत वेग कमीच होतो.

तिसरा बदल झडपेचा. पुष्कळ बंदुकांत नळीच्या मुळाशी एक छोटी झडप असते. गोळी बसवली की तिच्या दाबाने झडप मागे सरते आणि हवेला वाट मिळते. गोळी नसेल तर वाट जवळजवळ बंद राहते आणि दट्ट्या हवेच्या उशीवर हळू टेकतो. नळीच्या मध्यभागी एक काडीही असते. पोकळ फोमची गोळीच तिच्यावर बसते, खडा किंवा पेन्सिलीचा तुकडा बसत नाही. वेग वाढवू पाहणारे ही झडप आणि काडी काढून टाकतात. वेग थोडा वाढतो खरा. पण हे ‘बिनकामाचे’ भाग कारखान्याने का बसवले होते, हा प्रश्न विचारायचा राहूनच जातो. फोमशिवाय दुसरे काही उडू नये, याचे ते कुलूप होते!

पल्ला थोडा, धोका फार

आता रॉबिन्सचा धडा लावून पाहू. सर्वसाधारण फोमची गोळी १ ग्रॅम वजनाची आणि १२.७ मिलिमीटर व्यासाची असते. २० मीटर प्रतिसेकंद वेगाला तिच्यावरचा हवेचा विरोध अंदाजे तिच्या वजनाच्या दुप्पट भरतो. वेग दुप्पट केला, तर विरोध चौपट, म्हणजे वजनाच्या आठपट होतो. सव्वा मीटर उंचीवरून आडवी मारलेली गोळी आमच्या हिशेबाने २० मीटर वेगाला सुमारे ८ मीटरवर पडते आणि ४० मीटर वेगाला साडेतेरा मीटरवर. हवा नसती तर ही अंतरे १० आणि २० मीटर आली असती. म्हणजे वेग दुप्पट करून पल्ला दुप्पटसुद्धा होत नाही.

ऊर्जा मात्र चौपट होते, ०.२ ज्यूलवरून ०.८ ज्यूल. लांबच्या गड्याला याचा फरक फारसा जाणवत नाही, कारण वाटेत हवा बरीच ऊर्जा खाऊन टाकते. तो जाणवतो दोन हातांवर उभ्या असलेल्या मुलाला. बदल करणारा पल्ल्याच्या मागे असतो आणि त्याच्या पदरात पडते ती जवळची मारकशक्ती. आमच्या मते या सगळ्या प्रकरणातली कळीची गोष्ट हीच आहे.

युरोपातल्या खेळण्यांच्या सुरक्षा-मानकात उडणाऱ्या वस्तूची ऊर्जा तिच्या टेकणाऱ्या क्षेत्रफळाने भागतात. मर्यादा आहे चौरस मीटरला २५०० ज्यूल. टोपी पूर्ण सपाट टेकते असे धरले, तर आपल्या गोळीसाठी २० मीटर वेगाला हा आकडा सुमारे १६०० येतो आणि २५ मीटरला मर्यादा गाठली जाते. ४० मीटरला तो ६००० च्या वर जातो. ब्रिटनमध्ये २०१७ च्या कायद्याने, नळीतून सुटणाऱ्या गोळीची ऊर्जा १ ज्यूलपेक्षा अधिक असेल, तर ते जीवघेणे शस्त्र धरले जाते. १ ग्रॅमच्या गोळीला त्यासाठी ४५ मीटर प्रतिसेकंद वेग पुरतो. खेळणे आणि शस्त्र यांच्यातली भिंत एवढी पातळ आहे. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आय.एस.आय. चिन्ह सक्तीचे आहे. पण ते चिन्ह कारखान्यातून निघालेल्या वस्तूला लागू असते, घरी स्प्रिंग बदललेल्या वस्तूला नव्हे.

मूळ बंदूकही अगदीच निरुपद्रवी नसते. २०१७ साली लंडनच्या मूरफील्ड्स नेत्ररुग्णालयातल्या डॉक्टरांनी अशा बंदुकीची गोळी डोळ्याला लागलेल्या तीन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. दोघे प्रौढ होते आणि एक ११ वर्षांचा मुलगा. तिघांच्याही डोळ्यांत बुबुळामागे रक्तस्राव झाला होता. डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा, असे त्या डॉक्टरांनी सुचवले.

रंगाचेही तसेच. १९८९ पासून अमेरिकेत खेळण्यातल्या बंदुकीचे टोक भडक नारिंगी असावे, असा नियम आहे. काही हौशी लोक बंदूक ‘खरी’ दिसावी म्हणून ती काळी रंगवतात. २०१४ साली क्लीव्हलंड शहरात एका १२ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाच्या हाती प्लॅस्टिकचे छर्रे उडवणारी नकली बंदूक होती. तिच्यावरचे नारिंगी टोक काढलेले होते. पोलिसांनी ती खरी समजून गोळी झाडली आणि तो मुलगा दगावला. एका नारिंगी तुकड्याचे मोल किती, हे यावरून कळावे.

वर्गात काय करावे?

बंदूक उघडायला हरकत नाही. मोठ्या माणसाच्या देखत, स्प्रिंग सैल असताना, डोळ्यांवर चष्मा घालून ती उघडावी, प्रत्येक भागाचे चित्र काढावे आणि प्रत्येकाचे काम लिहून काढावे. ‘हा भाग नसता तर काय झाले असते?’ हा प्रश्न झडपेजवळ आवर्जून विचारावा. मग सर्व भाग जागच्या जागी बसवावेत. ताकद वाढवण्याची स्पर्धा लावू नये. तिच्याऐवजी मोजण्याची स्पर्धा लावावी.

त्यासाठी रॉबिन्सचा लोलक उत्तम. पुठ्ठ्याची एक छोटी खोकी घ्या. एका बाजूने ती उघडी ठेवा आणि आत कापूस व मळलेली कणीक भरा. गोळीसकट तिचे वजन ५० ग्रॅम भरले पाहिजे. चार दोऱ्यांनी ती १ मीटर खाली टांगा, म्हणजे झोका घेताना ती फिरणार नाही. मागे मोजपट्टी ठेवा. मूळ, न बदललेल्या बंदुकीने जवळून गोळी खोक्यात मारा. सर्व विद्यार्थी बंदुकीच्या मागच्या बाजूला उभे असावेत. गोळी खोक्यात अडकली पाहिजे, उसळून बाहेर आली तर तो बार मोजू नये. गोळीचा वेग २० मीटर प्रतिसेकंद असेल, तर खोक्याला ०.४ मीटर प्रतिसेकंद वेग मिळेल आणि ती सुमारे १३ सेंटीमीटर मागे जाईल. झोक्याचे अंतर वेगाच्या सरळ प्रमाणात असते, त्यामुळे पुढचे सारे हिशेब त्रैराशिकाने होतात. वेगवेगळ्या गोळ्या, जुन्या-नव्या गोळ्या, ओल्या-कोरड्या गोळ्या यांचे वेग मुलांनी मोजावेत आणि तक्ता करावा. बंदूक नसेल, तर बांबूची नळी आणि बटाट्याच्या चकत्या यांवरही हाच प्रयोग होतो.

तक्ता पूर्ण झाला, की शेवटी एक कोडे घालावे. गोळीची ऊर्जा ०.२ ज्यूल होती. झोक्याच्या सुरुवातीला खोक्याची ऊर्जा निघते फक्त ०.००४ ज्यूल, म्हणजे दोन टक्के. संवेग जसाच्या तसा राहिला, मग उरलेली ९८ टक्के ऊर्जा गेली कुठे? कापूस दाबण्यात, कणकेत खड्डा पाडण्यात आणि थोडी उष्णतेत, हे उत्तर मुले थोड्या विचाराने देतील. मग हळूच विचारावे, खोक्याच्या जागी डोळा असता तर ती कुठे गेली असती? या प्रश्नानंतर स्प्रिंग बदलावी की नाही, हे बहुतेक मुले स्वतःच ठरवतील.